स्वस्त तिकीट कोणते? युरोपला जाण्याआधी घरात मांडायचा हिशेब

आमचे दादा रेल्वेच्या कारखान्यात ३४ वर्षे राबून निवृत्त झाले. फंडाचे पैसे हाती आले तेव्हा कुणी म्हणाले घराला रंग काढा, कुणी म्हणाले बँकेत ठेवा. दादा-वहिनींच्या मनात मात्र एकच होते. त्यांची लेक, म्हणजे माझी पुतणी, पॅरिसला नोकरीला. दोन वर्षे तिचे तोंड पाहिले नव्हते. तिच्याकडे जाऊन यायचे, चार दिवस राहायचे, जमले तर युरोप पाहायचा.

ओळखीच्या एका एजंटाने तिकिटे काढून दिली. "दादा, दोघांमागे १२ हजार वाचवले तुमचे," असे तो म्हणाला. ते खोटे नव्हते. पण एक गोष्ट त्याने सांगितली नाही आणि आम्हीही विचारली नाही. मुंबई ते मधला विमानतळ हे एका कंपनीचे तिकीट होते आणि तिथून पॅरिस हे दुसऱ्याच कंपनीचे.

पहिले विमान चार तास उशिरा पोहोचले. दुसरे निघून गेले होते. दुसरी कंपनी म्हणाली, तुम्ही वेळेवर आला नाहीत, तुमचे तिकीट बुडाले. पहिली म्हणाली, तुम्हाला इथवर आणण्याचेच आमचे काम होते. सामान घ्यायला बाहेर जावे, तर त्या देशाचा व्हिसा नाही. वहिनींनी ती रात्र लोखंडी खुर्चीवर काढली. पर्समध्ये लेकीसाठी नेलेल्या लसणाच्या चटणीची पुडी होती, तेवढीच ओळखीची वस्तू. सकाळी पुतणीने पॅरिसहून नवी तिकिटे काढली, तेव्हा कुठे सुटका झाली. त्या तिकिटांचे ५८ हजार झाले. वाचले होते १२.

हे सगळे लिहिण्याचे कारण असे की आता आपल्या घरांतली मुले-मुली शिकून परदेशी जात आहेत आणि आई-वडीलही पहिल्यांदाच विमानात बसत आहेत. पहिल्या पिढीच्या प्रवाशाला सांगणारे घरात कुणी नसते. म्हणून जे आम्ही पैसे मोजून शिकलो, ते वाचकांना फुकट मिळावे.

एक प्रवास, एक तिकीट

विमान बदलून जाणे वाईट नाही. दुबई, दोहा, अबुधाबी, इस्तंबूल अशा ठिकाणी विमान बदलून जाणारे तिकीट थेट विमानापेक्षा बरेचदा स्वस्त असते. पण पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरखाली हवा. मग सामान सहसा शेवटच्या ठिकाणापर्यंत जाते आणि पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे चुकले, तर पुढे पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीवर राहते. तिकिटे वेगळी असली की ती जबाबदारी तुमची.

अडचण फक्त उशिराचीच असते असे नाही. २३ जून २०२५ च्या संध्याकाळी कतारने आपले आकाश काही तासांसाठी बंद केले. हजारो प्रवासी ठिकठिकाणी अडकले. अशा वेळी आपला हात धरायला एक तरी कंपनी बांधील असावी. दोन विमानांमध्ये निदान अडीच-तीन तासांचे अंतर ठेवा. वयस्कर माणसे असतील तर तिकीट काढतानाच चाकाच्या खुर्चीची मागणी नोंदवा. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत, शिवाय इंग्रजी न येणाऱ्या माणसाला सोबत मिळते.

भाडे रोज का बदलते?

एसटीचे भाडे ठरलेले असते. विमानात तसे नसते. एकाच विमानातल्या, एकाच रांगेतल्या दोन खुर्च्यांचे भाव वेगळे असतात. कंपनी आपल्या जागांचे भाडेगट पाडते. स्वस्त गटातल्या जागा संपल्या की पुढचा महाग गट उघडतो.

यात कुटुंबाला एक चिमटा बसतो. समजा स्वस्त गटात तीनच जागा उरल्या आहेत आणि तुम्ही एकदम चार तिकिटे शोधली, तर संगणक चौघांनाही महाग गटाचा भाव दाखवू शकतो. म्हणून आधी एका माणसाचे भाडे पाहा, मग चौघांचे. फरक दिसला तर तीन आणि एक अशी तिकिटे काढण्याचा विचार करता येतो. लहान मूल मात्र एकटे वेगळ्या तिकिटावर टाकू नये.

ऋतूचेही तसेच. आपल्या शाळांना सुट्टी एप्रिल-मेमध्ये, युरोपातली मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये आणि नाताळ डिसेंबरात. या दिवसांत भाडे चढते. ज्यांना शाळेचे बंधन नाही त्यांनी नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्च पाहावा. थंडी असते, पण तिकीट आणि राहणे दोन्ही हलके पडते. शनिवार-रविवारऐवजी आठवड्याच्या मधला दिवस धरला तरी कधी कधी चांगला फरक पडतो. गूगल फ्लाइट्स किंवा स्कायस्कॅनरवर महिन्याभराचे भाडे एका नजरेत दिसते आणि भाव उतरला की सूचना येते. घरातल्या कॉलेजच्या मुलाला हे काम द्या, तो आनंदाने करील. तिकीट काढताना मात्र विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवरचा भावही पाहा. दोनशे-पाचशे रुपयांच्या फरकासाठी अनोळखी दुकान गाठू नये. बदल किंवा परतावा घ्यायची वेळ आली की मधला माणूस आणि कंपनी एकमेकांकडे बोट दाखवतात.

आधी कागद, मग तिकीट

फ्रान्स, जर्मनी, इटली, स्वित्झर्लंड धरून २९ देशांना एकच शेंगेन व्हिसा चालतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. जून २०२४ पासून मोठ्या माणसाची फी ९० युरो आहे आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. निदान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. म्हणजे तिकिटाखेरीज हा खर्च आधीच धरायला हवा. अर्जासाठी सहसा तिकिटाचे आरक्षण दाखवले तरी चालते. व्हिसा हातात नसताना परतावा न मिळणारे स्वस्त तिकीट घेणे हा जुगार आहे.

नावाची गोष्ट तर आपल्या घरांत फारच महत्त्वाची. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे, लग्नानंतरचे तिसरे. तिकिटावर मात्र पासपोर्टवर आहे तेच नाव, त्याच अक्षरांत हवे. एका अक्षराच्या दुरुस्तीलाही पुढे पैसे मोजावे लागू शकतात. मधल्या देशात विमान बदलण्यासाठी ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हेही तिकीट घेण्याआधी पाहावे.

एजंटाकडून घेणार असाल तर नुसत्या पीएनआरवर समाधान मानू नका. आरक्षण झाले म्हणजे तिकीट निघालेच असे नाही. बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या ई-तिकिटाला १३ आकडी क्रमांक असतो. तो मागा, कंपनीच्या साइटवर स्वतः तपासा आणि पैशांची पावती घ्या. ओळखीचा माणूस असला तरी पावती मागण्यात संकोच कसला?

लंडनचे घर पाहायचे असेल तर

युरोपला निघालेल्या आपल्या अनेक कुटुंबांना लंडनला किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर पाहायचे असते. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे राहिले होते आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. पण ध्यानात असू द्या, इंग्लंड शेंगेनमध्ये नाही. त्याचा व्हिसा वेगळा, फी वेगळी.

इथेही तिकिटाची एक युक्ती आहे. ब्रिटनमधून उडणाऱ्या प्रवाशाला तिथले सरकार कर लावते. भारताइतक्या अंतरासाठी साध्या वर्गाचा हा कर एप्रिल २०२५ मध्ये ९० पौंड झाला. सोळा वर्षांखालच्या मुलांना तो माफ आहे. पॅरिसहून निघतानाही कर असतो, पण मार्च २०२५ मध्ये लांबच्या प्रवासाला तो ४० युरो ठरला. म्हणून मुंबईहून लंडनला उतरावे, तिथून युरोस्टार रेल्वेने सव्वादोन-अडीच तासांत पॅरिस गाठावे आणि परतीचे विमान पॅरिसहून धरावे. जाणे आणि येणे एकाच तिकिटावर, मल्टी-सिटी म्हणून शोधले की असे भाडे दिसते. परत लंडनला येण्याचा खर्च आणि दिवसही वाचतो.

युरोपातल्या युरोपात फिरायला रायनएअर, ईझीजेट यांसारख्या कंपन्यांची विमाने फार स्वस्त दिसतात. त्या भाड्यात बहुधा एक लहान पिशवीच येते. मोठ्या बॅगेचे पैसे वेगळे. विमानतळही कधी गावाबाहेर असतो. पॅरिसच्या नावाने विकला जाणारा बोव्हे विमानतळ शहरापासून ८० किलोमीटरहून दूर आहे. तिथल्या बसचे भाडे आणि बॅगेचे पैसे धरले की कधी कधी रेल्वेच स्वस्त पडते.

दुसऱ्या खेपेला

दोन वर्षांनी दादा-वहिनी पुन्हा निघाले. या वेळी पुतणीने फोनवरून आकडे सांगितले आणि दादांनी ते वहीत मांडले: तिकीट, दोन्ही व्हिसा, विमा, सामान, विमानतळापर्यंतची गाडी, रेल्वे. तिकिटाचा आकडा पहिल्या वेळेपेक्षा मोठा होता. एकूण बेरीज मात्र लहान निघाली. कर्ज काढले नाही, वहिनींच्या बांगड्या घरातच राहिल्या आणि वाटेत खुर्चीवर रात्र काढावी लागली नाही.

परत आल्यावर दादा मला म्हणाले, "पहिल्या वेळी मी भाडं विचारलं होतं रे. या वेळी खर्च विचारला."

तेवढाच एक प्रश्न तिकीट काढण्याआधी घरात सगळ्यांसमोर विचारा. वहीचे एक पान त्याला पुरते.