शस्त्रनामे : इतिहासवाचनातील भाषिक पुरावा

मराठ्यांच्या युद्धेतिहासावरील ग्रंथ वाचताना आपल्याला असंख्य शस्त्रनामे आढळतात. ती केवळ पाठ करावयाची नसतात. त्यांतील प्रत्येक शब्द हा एक पुरावा असतो. तो काय सिद्ध करतो आणि काय सिद्ध करीत नाही, हे या उपघटकात पाहू.

१. नाव आणि वस्तू

‘तोफ’ हा शब्द तुर्कीतून, ‘बंदूक’ अरबीतून, तर ‘आरमार’ पोर्तुगीजातून आला. ‘जिरेटोप’ या शब्दाचा स्वयंपाकघरातील जिऱ्याशी संबंध नाही. फारसी ‘जिरह’ म्हणजे कड्यांचे चिलखत. मात्र नाव उसने म्हणजे वस्तूही उसनी, असा निष्कर्ष काढू नये. ‘चिलखत’, ‘बख्तर’ हे शब्द रूढ होण्यापूर्वीही ‘कवच’ आणि ‘वर्म’ होतेच. ‘फिरंग’ या तलवारीचे पाते युरोपीय, पण मूठ बहुधा देशी घडणीची असे. म्हणजे एकाच शस्त्राचे निम्मेच मूळ त्याचे नाव सांगते.

२. कोश आणि व्यवहार

शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रचलेला ‘राज्यव्यवहारकोश’ रघुनाथपंत हणमंते यांच्या नावे ओळखला जातो. त्याच्या दहा वर्गांत शस्त्रवर्ग, चतुरंगवर्ग आणि दुर्गवर्ग आहेत. कारभारातील फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले आहेत. हा कोश दुहेरी पुरावा आहे. पर्यायी शब्द राज्याचे भाषाधोरण सांगतात. ज्यांना पर्याय दिले, ते शब्द तेव्हा रूढ होते हे सांगतात. तरीही ‘तोफ’ आणि ‘बंदूक’ मराठीत टिकून राहिले. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तील नौदलविषयक विवेचनातही ‘आरमार’ हाच शब्द येतो. धोरण आणि रूढी यांतील हे अंतर ध्यानात ठेवावे.

३. भाषांतरातील धोका

वर्धा जिल्ह्यातील वाचकाला हा विषय परका नाही. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावच्या लढाईत नागपूरकर भोसल्यांच्या बाजूचा पराभव झाला. १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख त्यांनी गमावला. इंग्रजी वृत्तांतांनुसार अडगावला इंग्रजांच्या हाती ३८ ‘गन’ लागल्या. लष्करी इंग्रजीत अशा ठिकाणी ‘गन’ म्हणजे तोफ. ‘३८ बंदुका’ असे भाषांतर केल्यास तोफखान्याची मोठी हानी किरकोळ ठरते, आणि भोसल्यांनी एवढा मुलूख का सोडला हेच वाचकाला उमगत नाही.

सारांश

शस्त्रनाम वाचताना तीन प्रश्न विचारावेत : शब्द कोठून आला? त्या काळी तो कोणत्या वस्तूसाठी वापरला जाई? आणि आपल्यापर्यंत तो मूळ साधनातून पोहोचला की भाषांतरातून?

स्वयंअध्ययन

‘शिलेदार’ आणि ‘बारगीर’ या शब्दांची व्युत्पत्ती शोधा. घोडा कोणाच्या मालकीचा, या प्रश्नाच्या आधारे दोघांतील भेद पाच ओळींत स्पष्ट करा.