तिघी, एक केबिन आणि अटलांटिक

"विमानानं आठ तासांत पोचला असतात. बोटीत आठवडा कशाला घालवलात?" परत आल्यापासून पोफळीत आणि शाळेत हा प्रश्न मला इतक्यांनी विचारलाय की आता उत्तर पाठ झालंय: आम्हाला पोचायचं नव्हतं, एकत्र राहायचं होतं.

आम्ही तिघी बी.एड.च्या वर्गातल्या मैत्रिणी. एक लग्न होऊन इंग्लंडला गेली, एक चिपळूणच्या बाजारपेठेत, आणि मी वर पोफळीला. 2014 च्या जानेवारीपासून आम्ही एक डबा सुरू केला. दर महिन्याला प्रत्येकीनं 3,000 रुपये टाकायचे आणि मुलं मोठी झाली की तिघींनी लांबचा प्रवास करायचा. हिशोब माझ्याकडे, कारण वर्गातही वर्गणीची वही माझ्याकडेच असायची.

बोटीची कल्पना माझी. आमचे दादा, म्हणजे माझे आजोबा, पी अँड ओ कंपनीच्या प्रवासी बोटींवर डेकवर होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी मुसलमान घरांत असा एखादा खलाशी, टंडेल नाहीतर सारंग निघेल. त्या बोटींवर डेकची माणसं बहुतेक आपल्या कोकणची, वाढपी आणि खानसामे गोव्याचे. दादांची कागदपत्रं ठेवायची पत्र्याची नळी अजून आमच्या कपाटात आहे. पहाटे प्रवासी उठायच्या आत लाकडी डेक घासून लख्ख करायचा आणि मग त्यावर आरामखुर्च्या मांडायच्या, हे त्यांचं काम. "खुर्ची मांडली हजारदा, बसलो एकदाही नाही," असं ते हसत सांगायचे. माझी नानी हजला गेली तीही मुंबईहून जहाजानंच. ती जहाजं 1995 नंतर बंद झाली. त्यामुळे बोट म्हणजे आमच्या घरात कुणाची तरी नोकरी नाहीतर कुणाची तरी इबादत. बोट म्हणजे सुट्टी, हे माझ्या पिढीपर्यंत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

2021 सालची बकरी ईद 21 जुलैला होती. त्या रात्री पाऊस थांबेना, आणि 22 ला वाशिष्ठी चिपळुणात शिरली. आमच्या पोफळीला कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून येतं, जमिनीखालच्या वीजघरात टर्बाइन फिरवतं आणि पुढे वाशिष्ठीला मिळतं. आम्ही वरच्या अंगाला, मैत्रीण खालच्या. तिच्या दुकानात माळ्यापर्यंत पाणी होतं. तिसऱ्या दिवशी गेलो तेव्हा कापडाचे ठाण चिखलाच्या लाद्या झाले होते, फ्रिज आडवा पडलेला आणि त्यात कुर्बानीचं मटण कुजलेलं. ती झाडू घेऊन उभी होती. रडत नव्हती, फक्त एकच जागा पुन्हा पुन्हा झाडत होती.

डब्यात तेव्हा 8,19,000 रुपये होते. इंग्लंडवालीला मी फोन केला, दोन मिनिटांत ठरलं, आणि सगळी रक्कम चिपळूणवालीला दिली. त्यातला तिसरा हिस्सा तिचाच. राहिलेले 5,46,000 तिनं कर्ज म्हणून घेतले, बिनव्याजी, सवडीनं फेडायचे. 2022 च्या जानेवारीपासून ती दरमहा 6,000 आणून देऊ लागली. मी वहीत लिहीत गेले: तारीख, रक्कम, बाकी. देणंघेणं लिहून ठेवावं असं आपला दीनही सांगतो. त्यात काही वावगं आहे असं माझ्या मनात कधी आलं नाही.

गेल्या वर्षी, 2025 च्या मेच्या सुट्टीत, अखेर निघालो. साउदम्प्टनहून न्यूयॉर्क, सात रात्री, मध्ये एकही बंदर नाही. बोट क्वीन मेरी 2. नियमित अटलांटिक ओलांडणारी खरी प्रवासी बोट आता हीच उरली आहे. फ्रान्समध्ये बांधलेली, 2004 च्या जानेवारीत पहिल्या सफरीवर निघालेली, लांबी 345 मीटर. बुकिंग करताना कळलं की तिची कंपनी आणि दादांची पी अँड ओ आज एकाच मालकाखाली आहेत.

तयारीचं थोडक्यात सांगते, कारण फोन त्यासाठीच येतात. भारतीय पासपोर्टवर ब्रिटन आणि अमेरिका असे दोन्ही व्हिसा लागतात. अमेरिकेच्या मुलाखतीला फार थांबावं लागू शकतं, म्हणून तो आधी. खाण्याची गरज बुकिंगच्या वेळीच लेखी कळवावी. आम्ही मासे आणि शाकाहारी घेतलं आणि उपाशी राहिलो नाही. आतली केबिन, जिला खिडकी नसते, ती सगळ्यात स्वस्त. तिथे झोपायलाच जायचं असतं. मळमळीला मी घरून आल्याच्या वड्या नेल्या होत्या, दुसऱ्याच दिवशी त्या कामाला आल्या. बोटीवर दारू आहे, जुगाराची खोलीही आहे. हे लपवण्यात अर्थ नाही. पण बोट एवढी मोठी की त्या बाजूला न जाताही आठवडा कमी पडतो. ग्रंथालय आहे, तारांगण आहे, प्रवाशांच्या कुत्र्यांसाठी वेगळी जागासुद्धा आहे. डेकवरून बोटीभोवती एक फेरी मारली की सुमारे 600 मीटर होतात. माझे मिस्टर रोज दहा मारायचे. आणि हो, प्रत्येकीबरोबर घरचं माणूस होतं: दोघींचे मिस्टर, चिपळूणवालीचा इंग्लंडमध्येच राहणारा सख्खा भाऊ. तिचं भाडंही त्यानंच भरलं. तिघे पुरुष शेजारच्या केबिनमध्ये, आम्ही तिघी एकीत. दिवा विझवला की बी.एड.चं होस्टेल.

पहिल्या सकाळी मी डेकवरच्या आरामखुर्चीत बसले आणि लगेच उठले. लाकूड तसंच होतं, घासून पांढरं पडलेलं. काम करणाऱ्यांत मी आपल्याकडचा चेहरा शोधत होते. फिलिपिन्सची पुष्कळ माणसं भेटली. जेवणघरात एक गोव्याचा मुलगा होता, त्याच्याशी कोकणीत बोलले. डेकवर मात्र दापोली-गुहागरचं कुणी दिसलं नाही. आपली पोरं आता टँकरवर नाहीतर आखातात. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले, आणि मग बसूनच राहिले.

नमाजाचा हिशोब हा या प्रवासातला सर्वांत मजेचा भाग. बोट पश्चिमेला जाते, म्हणून सातांपैकी पाच रात्री घड्याळ एक तास मागे करतात. दिवस पंचवीस तासांचा होतो. सूर्यास्त रोज वेगळ्या वेळी, इशा फार उशिरा. आम्ही कोकणी शाफई, सफरीत कसर करतो आणि जोहर-असर, मगरिब-इशा एकत्र पढतो. इंग्लंडवालीचे मियाँ हनफी, ते प्रत्येक वेळेला वेगळे उठायचे आणि आमच्याकडे बघून मान हलवायचे. किबल्याचीही गंमत. आपल्याकडे किबला पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला. साउदम्प्टनला तो आग्नेयेला आणि न्यूयॉर्कला चक्क ईशान्येला. खोटं वाटत असेल तर शाळेतल्या पृथ्वीगोलावर न्यूयॉर्क ते मक्का दोरा ताणून पाहा. म्हणजे आठवडाभर आम्ही बोटीच्या मागच्या टोकाकडे, जिथून आलो तिकडे तोंड करून उभ्या होतो.

या बदलत्या वेळा लिहून ठेवायला कागद हवा होता. मी वही आणली होती, खर्चाची, तीच जुनी. चौथ्या दिवशी चिपळूणवालीनं ती उघडली आणि कोरं पान शोधता शोधता तिला तिचं पान सापडलं. वर तिचं नाव, खाली चाळीस ओळी, शेवटी लाल शाईत: बाकी 3,06,000. तिनं वही मिटली, जागेवर ठेवली आणि त्या दिवशी जेवायला आली नाही. "बोट लागली," म्हणाली.

विमान असतं तर उतरून आपापल्या घरी गेलो असतो. बोटीवर ती सोय नसते. खिडकी नसलेल्या खोलीत तीन पलंग, आणि तिसरीला काही माहीत नाही. रात्रभर मी तिच्या कुशी बदलण्याचा आवाज ऐकला.

पाचव्या दिवशी आम्ही न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला होतो. तिथे उत्तरेकडून येणारा थंड प्रवाह आणि दक्षिणेचा उष्ण प्रवाह भेटतात आणि धुकं धरतं. जुलैत कुंभार्ली घाटात गाडीचं बॉनेट दिसत नाही, तसं. बोट दर दोन मिनिटांनी भोंगा वाजवत होती. ती कठड्याशी उभी होती, मी जाऊन शेजारी राहिले.

"लाल शाई कशाला?" तिनं विचारलं.

मी सांगू लागले की सगळ्यांच्या वह्या लालनंच तपासते, सवय आहे, आणि भोंगा वाजला. पुन्हा सुरुवात केली. म्हटलं, वही फाडून समुद्रात टाकते, इंग्लंडवालीही नाही म्हणणार नाही, तुझी बाकी माफ. पुन्हा भोंगा. आम्हाला हसूही येईना, बोलणंही होईना.

मग ती म्हणाली, "माफ करू नकोस. पुरानंतर सगळ्यांनी मला दिलं. भांडी दिली, चादरी दिल्या, कुणाच्या घरी गेले की आधी माझ्या चपलांकडे बघायचे. फक्त तुम्ही दोघींनी कर्ज दिलंत. दर महिन्याला 6,000 घेऊन तुझ्याकडे येते तेव्हा मी दुकानदार असते, पूरग्रस्त नसते. तेवढं राहू दे. लाल शाई तेवढी नको."

मला उत्तर सुचलं नाही. माझ्या मनात काय होतं ते मी तिला सांगितलं नाही, इथे सांगते: मधल्या दोन-तीन महिन्यांत हप्ता उशिरा आला होता, तेव्हा मी त्या ओळींपुढे छोटीशी खूण केली होती. तिनं ती पाहिली असणार. तिनं विचारलं नाही. मीही खुणेचा विषय काढला नाही.

संध्याकाळी इंग्लंडवालीला सगळं सांगितलं तर ती आम्हा दोघींवर भडकली. "मला वगळून भांडलात?" हेच तिचं दुःख. त्या रात्री खऱ्या अर्थानं होस्टेल झालं, दोन वाजेपर्यंत. तेव्हाही घड्याळ मागे गेलं, म्हणून एक तास फुकट मिळाला.

शेवटच्या दिवशी अंधारातच सगळे डेकवर आले. वेराझानो पुलाखालून बोट जाते तेव्हा धुराडं पुलाला लागतंय की काय असं वाटतं. मग पहाटेच्या उजेडात स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, आणि बोट ब्रुकलिनला लागली. फजर आम्ही केबिनमध्येच पढून आलो होतो, ईशान्येला तोंड करून. न्यूयॉर्कहून मुंबई पंधरा-सोळा तासांत आलो आणि बकरी ईदच्या आत घरी होतो.

ज्यांना एवढं लांब जमणार नाही त्यांच्यासाठी मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपकडे जाणाऱ्या दोन-चार रात्रींच्या सफरी आहेत. पण मैत्रिणींबरोबर जाणार असाल तर हिशोबाची वही उघडी ठेवा, नाहीतर घरी ठेवा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ती घाटपायथ्याच्या एसटीनं पोफळीला आली. शाळेच्या ओट्यावर बसून पैसे मोजून दिले. मी वही काढली. तिनं स्वतःच्या पर्समधून निळं पेन काढून माझ्या हातात दिलं आणि चहा कुठाय म्हणून विचारलं.