छोटा बॉम्ब, मोठा प्रश्न

बॉम्ब जितका मोठा तितका प्रभावी, असे मीही समजत असे. अमेरिकेने 2006 साली इराकमध्ये प्रथम वापरलेल्या जीबीयू-39 ने हा समज मोडला. वजन सुमारे 130 किलो, इंजिन नाही. विमानातून सुटल्यावर त्याचे पंख उघडतात आणि उपग्रहांच्या संकेतांवर तो घारीसारखा तरंगत शंभर किलोमीटरही जातो. स्फोट लहान, म्हणून आजूबाजूची हानी कमी, असे सांगतात.

मात्र मे 2024 मध्ये इस्रायलने गाझातील रफाह येथे हेच बॉम्ब टाकले. विस्थापितांच्या तंबूंना आग लागली. किमान 45 जण दगावल्याचे तेथील आरोग्य मंत्रालयाने सांगितले. बॉम्ब नेम चुकवत नसेल. पण नेम कुठे धरायचा, हे माणूसच ठरवतो.