नेवाकाठची राजनगरी

रशियाच्या वायव्येस नेवा नदी अनेक फाट्यांनी फिनलंडच्या आखातास मिळते. सुमारे सव्वातीनशे वर्षांपूर्वी तेथे दलदल, रान आणि तुरळक वस्ती होती. हा मुलूख तेव्हा स्वीडनचा होता. पश्चिमेकडील देशांशी व्यापार करण्यास रशियाला समुद्राची वाट हवी होती. म्हणून झार पीटर याने तो जिंकून घेतला आणि १७०३ च्या मे महिन्यात नदीतील एका लहानशा बेटावर किल्ल्याचा पाया घातला. सेंट पीटर्सबर्ग नगराचा हाच आरंभ होय.

अशा चिखलात राजधानी वसवावी, हा राजहट्टच म्हणावयाचा! दगड पुरेना, तेव्हा १७१४ साली पीटरने रशियात अन्यत्र दगडी इमारती बांधण्यास मनाई केली. नगरात येणाऱ्या प्रत्येक गलबताने व गाडीने ठराविक दगड आणावेत, असा हुकूमही सोडला. दूरदूरच्या खेड्यांतून माणसे वेठीस धरून आणली गेली. थंडीने, उपासाने व रोगराईने त्यांतील हजारो दगावली. आज प्रवासी ज्या रुंद रस्त्यांची आणि कालव्यांची वाखाणणी करतात, ते या अनामिकांच्या कष्टांवर उभे आहेत. १७१२ मध्ये राजधानी मॉस्कोहून येथे आली आणि मधली काही वर्षे वगळता १९१८ पर्यंत येथेच राहिली.

पुढील राजेराण्यांनी नगर सजविले. रास्त्रेल्ली या शिल्पज्ञाने हिवाळी राजवाडा उभारला. राणी दुसरी कॅथरिन हिने १७६४ पासून जमविलेल्या चित्रांतून हर्मिटेज हे जगद्विख्यात संग्रहालय आकारास आले.

नगराचे नाव १९१४ मध्ये पेत्रोग्राड, १९२४ मध्ये लेनिनग्राड झाले. १९९१ मध्ये मूळ नाव परत आले. लेनिनग्राड असतानाच त्याची खरी सत्त्वपरीक्षा झाली. सप्टेंबर १९४१ ते जानेवारी १९४४ असे ८७२ दिवस जर्मन सैन्याने त्यास वेढले होते. पहिल्या हिवाळ्यात अनेकांच्या वाट्यास दिवसाकाठी अवघा १२५ ग्रॅम पाव येई, आणि तोही निर्भेळ नसे. गोठलेल्या लादोगा सरोवरावरून मालमोटारी धान्य आणीत. तरीही लाखो लोक भुकेने मेले. तेथील बियाणे-संस्थेत तांदूळ, गहू यांच्या वाणांचा मोठा साठा होता. तो जपणारे कित्येक शास्त्रज्ञ अन्नावाचून गेले, पण त्यांनी त्या दाण्यांस हात लावला नाही. हर्मिटेजची चित्रे उरल पर्वताकडे सुरक्षित धाडलेली होती. भिंतींवर केवळ रिकाम्या चौकटी होत्या. साफसफाईस मदत करणाऱ्या जवानांना तेथील एका मार्गदर्शकाने त्या चौकटींसमोर उभे करून एकेका चित्राचे वर्णन ऐकविले!

चित्रे युद्धानंतर आपापल्या जागी परतली. आता त्यांच्यासमोर देशोदेशींच्या प्रवाशांची दाटी असते. जूनमध्ये तेथे रात्री पुरता अंधार पडत नाही. त्या धूसर उजेडात जहाजांना वाट देण्यासाठी नेवेवरील पूल मध्यरात्रीनंतर दुभंगून वर उचलले जातात, आणि ते पाहण्यास नदीकाठ माणसांनी फुलून जातो. पैलतीरी मुक्काम असलेल्या बेसावध प्रवाशास मात्र पूल पुन्हा जुळेपर्यंत काठावर ताटकळावे लागते.