कादंबरीचीही पूर्वमशागत लागते



१५ ऑक्टोबर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पूर्वहंगामी लागण येते. सऱ्या पडल्या का, बेणे कुठले आणायचे, नोंद कधी द्यायची, एकच घाई. त्याच दिवशी शाळांतून 'वाचन प्रेरणा दिन' असतो. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा हा जन्मदिवस, २०१५ पासून राज्यात असा पाळला जातो. पोरांच्या हाती पुस्तके दिली जातात. पण पुस्तक हाती दिले म्हणजे ते वाचून झाले असे नव्हे. नांगरट न करता टिपरी टाकली तर उगवण काय होते, हे तुम्हांस आम्ही सांगायला नको.

ऊस विकास विभागाला ही उठाठेव कशाला, असे कोणी म्हणेल. त्याला कारण घडले. आपल्या बऱ्याच सभासदांची मुले नोकरीनिमित्त ठाणे-कल्याणकडे राहतात. एका सभासदांचा मुलगा ठाकुर्लीला असतो. रेल्वेगाड्यांना वीज पुरवणारे जुने चोळे पॉवर हाऊस, जे आता बंद आहे, ते याच ठाकुर्लीचे. शेजारच्या डोंबिवलीत २०१७ साली ९० वे मराठी साहित्य संमेलन भरले होते. म्हणजे मुलूख वाचणाऱ्यांचा. तरी या सभासदांची नववीतली नात व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घेऊन बसली आणि दहाव्या पानावर थांबली. फोनवर म्हणाली, "आजोबा, शब्द कळत नाहीत. आणि यात काही घडतच नाही."

पोरगी हुशार आहे, मार्क चांगले आहेत. पण मेंढरांचा वाडा तिने पाहिलेला नाही. पाऊस म्हणजे लोकल बंद, एवढेच तिला ठाऊक. पाऊस न येणे म्हणजे काय, हे तिला कोण सांगणार? वर्गातल्या बऱ्याच जणांची तीच गत झालेली पाहून बाईंनी पुस्तके मिटायला लावली आणि दोन तास नुसत्या तयारीला दिले. ती तयारी आम्ही सभासदांकरवी समजून घेतली. कोणत्याही गावच्या शाळेत करता येईल अशी आहे.

पहिले काम नकाशाचे. माण, आटपाडी, सांगोला, जत ही नावे मुलांनी शोधली. सह्याद्रीवर ढग रिकामे होतात आणि पलीकडे पाऊस तुटपुंजा का पडतो, ते फळ्यावर काढले. दुसरे, शब्दांची झोळी. घोंगडी, रामोशी, कारभारी, तालीम, संस्थान असे वीसेक शब्द चिठ्ठ्यांवर लिहून मुलांत वाटले. अर्थ कोशातून नव्हे, घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून आणायचा. तिसरे, नावावरून अंदाज. ही कादंबरी १९५५ सालची. १९५८ साली तिचे इंग्रजी भाषांतर झाले, त्याच्या नावाचा अर्थ 'गावाला भिंती नव्हत्या' असा होतो. भिंती नसलेले गाव म्हणजे कसले, यावर वर्गात चांगलीच जुंपली. चौथे, एक प्रश्न. तुम्ही कोवळ्या वयाचे मास्तर आहात, धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायची आहे. मेंढरे राखायची सोडून पोरे शाळेत का येतील? प्रत्येकाने चार ओळी लिहायच्या. शेवटी बाईंनी पहिली दोन पाने मोठ्याने वाचली आणि थांबल्या. पुढची गोष्ट सांगितली नाही, शेवट तर मुळीच नाही. म्हणून आम्हीही इथे सांगत नाही.

यात गोम अशी. आपण बेणेप्रक्रियेला दहा-पंधरा मिनिटे देतो, पीक वर्षभर शेतात उभे राहते. वाचणाऱ्याचेही तसेच आहे. मनात आधी काही असेल तर नवीन त्याला धरून रुजते. आपल्या गावच्या पोरांना मेंढरे, दुष्काळ, कारभारी सगळे ठाऊक असते, पण मोठे पुस्तक वाचायची सवय नसते. शहरातल्या पोरांचे नेमके उलटे. एकाची तयारी दुसऱ्याला चालणार नाही, जमीन पाहून मशागत करावी लागते.

ठाकुर्लीच्या नातीने शब्द विचारायला आजोबांना फोन लावला. आजोबांनी शब्द सांगितले आणि जोडीला १९७२ चा दुष्काळही सांगितला. फोडलेली खडी, कामावर मिळणारी सुकडी, रेशनची मिलो. तासभर बोलणे झाले. एरवी "कसे आहात, बरे आहे" यापुढे गाडी जात नव्हती. पुढच्या आठवड्यात नात पन्नासाव्या पानावर होती.

सभासदहो, उद्या सातबाऱ्यावर आणि शेअर सर्टिफिकेटावर याच मुलांची नावे लागणार आहेत. जी मुले दहा पानांवर थांबतात, ती कारखान्याचा वार्षिक अहवाल काय वाचणार? आणि ज्यांना दुष्काळ म्हणजे काय हेच माहीत नाही, ती पाण्याच्या पाळीवरचे भांडण काय समजणार? जमीन त्यांच्या नावावर होईल, पण त्यांची होणार नाही.

तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत नातवंडे आली की त्यांच्या हाती कोणते पुस्तक आहे ते विचारा. त्यातले गाव, काम, हत्यार तुमच्या माहितीतले असेल तर बांधावर नेऊन दाखवा. शेवट सांगू नका. आणि १९७२ च्या आपल्या आठवणी एक-दोन पानांत लिहून, किंवा पोराकडून लिहवून, गट कार्यालयात आणून द्या. निवडक आठवणी पुढील अंकांतून छापू, म्हणजे गावोगावच्या गुरुजींना आणि बाईंना वर्गात उपयोगी पडतील.