गाडी किती वेळा बंद पडते, आणि किती दिवस बंद राहते?

काही वर्षांपूर्वी आम्ही जर्मनीतील एका प्रयोगशाळेत कामाला होतो. तेव्हा एक जुनी, लहान गाडी विकत घेतली होती. तिची सक्तीची तपासणी करण्याची वेळ आली. तपासनिसाने गाडी उचलून धरली, खालून बॅटरीचा प्रकाश टाकला आणि ब्रेकच्या तेलाच्या नळीवरील गंजाकडे बोट दाखवले. गाडी नापास! महिन्याच्या आत दुरुस्त करून पुन्हा दाखवा, असा शेरा मिळाला. नळी बदलण्याचे काम तासाभराचे होते, पण त्या जुन्या मॉडेलचा तो भाग यायला चोवीस दिवस लागले. तेवढे दिवस आम्ही सायकलने प्रयोगशाळेत गेलो.

या प्रसंगात दोन निरनिराळे प्रश्न दडलेले आहेत. गाडी किती वेळा बिघडते हा पहिला. बिघडल्यावर ती पुन्हा चालू व्हायला किती वेळ लागतो हा दुसरा. आपल्याकडे युरोपीय गाड्यांविषयी बोलताना हे दोन्ही प्रश्न एकत्र कालवले जातात. 'गाडी दणकट, पण सर्व्हिसचे हाल' असे एक जण म्हणतो, तर दुसरा 'त्या वाटेला जाऊच नका' असे सांगतो. दोघांजवळ पुरावा म्हणून असते ती एकेक गाडी. एका गाडीवरून नियम काढता येत नाही हे आपण वर्गात नेहमी सांगतो. मग मोजायचे तरी कसे?

ज्या तपासणीत आमची गाडी नापास झाली तिचा उगम मोटारीत नाही, वाफेच्या बाष्पकात आहे. १८६५ साली जर्मनीतील मानहाइम शहरात एका बीअरच्या कारखान्यातील बाष्पकाचा स्फोट झाला. त्यानंतर १८६६ मध्ये बाष्पकांच्या मालकांनीच एकत्र येऊन तपासणी करणारी संस्था काढली. अशा संस्थांमधून पुढे 'ट्यूफ' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तपासणी संघटना उभ्या राहिल्या. १९५१ पासून जर्मनीत मोटारींची ठराविक मुदतीची तपासणी सक्तीची झाली. आज तिथे नवी खासगी गाडी तीन वर्षांनी आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी दाखवावी लागते. लाखो गाड्यांच्या या नोंदींवरून दरवर्षी एक अहवाल निघतो. कोणत्या मॉडेलच्या, किती वर्षे वयाच्या, शेकडा किती गाड्यांत गंभीर दोष सापडले हे त्यात दिलेले असते.

दुसरा मोजमापाचा मार्ग रस्त्यावरचा. १९०३ साली स्थापन झालेल्या 'आडाक' या जर्मन मोटारचालक संघटनेचे दोन कोटींहून अधिक सभासद आहेत. गाडी वाटेत बंद पडली की फोन करायचा आणि पिवळ्या गाडीतून मेकॅनिक येतो. प्रत्येक फेरीची नोंद होते, आणि १९७८ पासून ही आकडेवारी दरवर्षी प्रसिद्ध होते. दर हजार गाड्यांमागे किती बंद पडल्या, हे त्यातील माप. यातून निघालेली एक गोष्ट विद्यार्थ्यांना गंमतीची वाटेल: रस्त्यात गाडी बंद पडण्याचे सर्वांत मोठे कारण इंजिन किंवा गिअरबॉक्स नव्हे, तर साधी बारा व्होल्टची बॅटरी. अलीकडच्या वर्षांत चाळीस टक्क्यांहून अधिक बिघाड तिच्याच खात्यावर आहेत.

अर्थात आकडे छापले म्हणून डोळे मिटून घ्यायचे नसतात. ट्यूफच्या अहवालात पोर्शे ९११ ही महागडी गाडी अनेकदा पहिल्या क्रमांकांत दिसते. ती उत्तम बांधलेली आहे हे खरे. पण तिचा मालक ती गॅरेजात झाकून ठेवतो, रविवारी काढतो, आणि तपासणीपूर्वी नीट सर्व्हिसिंग करून घेतो हेही खरे. त्याच वयाची कंपनीच्या फिरत्या विक्रेत्याची डिझेल गाडी तोवर दीडएक लाख किलोमीटर धावून दमलेली असू शकते. वय सारखे, धाव वेगळी. अशी तुलना करणे म्हणजे रोज शाळेत वापरलेली वही आणि कपाटात ठेवलेली वही यांच्या कागदाची तुलना करणे. २०१४ च्या जानेवारीत तर आडाकनेच घेतलेल्या 'लोकांची आवडती गाडी' या स्पर्धेतील मतांची संख्या दहापट फुगवून सांगितल्याचे उघड झाले आणि संघटनेच्या अध्यक्षांना पुढे पायउतार व्हावे लागले. ती मतांची स्पर्धा होती, बिघाडांची मोजणी नव्हे. तरीही संख्या कुणी, कशी मोजली हे विचारण्याची सवय का हवी, ते यावरून कळते.

आता बिघाडाच्या स्वरूपाकडे वळू. खूप गाड्यांचा बिघाडदर वयासमोर मांडला तर आलेख बाथटबच्या उभ्या छेदासारखा दिसतो. सुरुवातीला कारखान्यातील चुका बाहेर पडतात म्हणून दर जास्त. मग बरीच वर्षे तो कमी आणि साधारण सपाट. शेवटी झीज, गंज, थकवा यांमुळे पुन्हा चढण. युरोपीय संघातील कायदा ग्राहकाला दोन वर्षांची हमी देतो. म्हणजे टबाचा डावा काठ बहुतेक विक्रेत्याच्या खर्चात जातो. उजवा काठ मात्र मालकाच्या, आणि बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या, वाट्याला येतो. कधी कधी हा उजवा काठ अपेक्षेपेक्षा फार लवकर येतो. असे का होते, याच्या दोन हकिगती पाहण्यासारख्या आहेत. दोन्हींत खरा गुन्हेगार रसायनशास्त्रात सापडतो.

पहिली हकिगत १९९० च्या दशकातील. बीएमडब्ल्यू कंपनीने इंजिन हलके व्हावे म्हणून ते अॅल्युमिनियमचे केले. पण अॅल्युमिनियम मऊ. दट्ट्याच्या पोलादी कड्यांनी सिलिंडरची भिंत खरवडून निघाली असती. म्हणून भिंतीवर निकेलचा पातळ थर विद्युत्‌विलेपनाने चढवला आणि त्यात सिलिकॉन कार्बाइडचे अतिकठीण कण मिसळले. या थराला 'निकासिल' म्हणतात. तो १९६० च्या दशकात जर्मनीतच विकसित झाला होता. घर्षण कमी, झीज कमी, सारे काही छान. पण ही इंजिने ब्रिटन आणि अमेरिकेत गेल्यावर काही वर्षांतच तक्रारी सुरू झाल्या. इंजिन थंड असताना थरथरते, सुरू व्हायला त्रास देते, ताकद कमी झाली आहे. उघडून पाहिले तर सिलिंडरच्या वरच्या भागातील निकेल खाल्ले गेले होते. त्यामुळे दट्ट्याच्या कडेने वायू निसटत होता आणि आतला दाब टिकत नव्हता.

कारण होते पेट्रोलमधील गंधक. गंधक जळला की सल्फर डायऑक्साइड बनतो, त्यातील थोड्याचा पुढे ट्रायऑक्साइड होतो आणि ज्वलनात तयार झालेल्या पाण्याच्या वाफेशी त्याचा संयोग होऊन सल्फ्युरिक आम्ल तयार होते. इंजिन पुरते तापलेले असेल तर हे सारे वायुरूपातच धुराड्यातून बाहेर जाते. पण घरापासून बाजारापर्यंत दोन किलोमीटर जाऊन गाडी बंद केली तर भिंती थंडच राहतात आणि गार पाण्याच्या पेल्यावर बाहेरून दव जमते तसे आतून आम्लाचे दव जमते. निकेलला ते मानवत नाही. ज्या देशांत पेट्रोलमध्ये गंधक कमी होते तिथे तीच इंजिने फारशी तक्रार न करता चालली. कंपनीला कितीतरी इंजिने बदलून द्यावी लागली, अमेरिकेत हमीची मुदत वाढवावी लागली आणि पुढच्या इंजिनांतून निकासिल काढून टाकावे लागले. म्हणजे ती गाडी विश्वासार्ह होती की नव्हती? आमच्या मते हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या इंधनावर आणि कशा वापरात, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही. (आज तो धोका जवळजवळ संपला आहे. युरोपात २००९ पासून आणि भारतात बीएस-६ इंधन आल्यावर, १ एप्रिल २०२० पासून, पेट्रोलमधील गंधकाची मर्यादा दशलक्षात दहा भाग इतकी खाली आली.)

दुसरी हकिगत ताजी आहे. इंजिनाच्या झडपा नेमक्या वेळी उघडण्यासाठी मुख्य दांड्याची गती वर पोचवावी लागते. त्यासाठी साखळी किंवा दातेरी रबरी पट्टा वापरतात. पूर्वी हा पट्टा कोरडा असे. पेजो आणि सिट्रोएन गाड्यांच्या १.२ लिटरच्या 'प्युअरटेक' इंजिनात तो इंजिनाच्या तेलातच ठेवला. घर्षण घटते, थोडे इंधन वाचते, आवाजही कमी होतो. युरोपातील कार्बन डायऑक्साइडच्या कडक मर्यादांमुळे थोड्या बचतीलाही मोल होते. या इंजिनाला २०१५ ते २०१८ अशी सलग चार वर्षे आपल्या गटातील 'वर्षातील सर्वोत्तम इंजिन' हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पट्टा तेलाला तोंड देईल अशाच रबराचा होता. पण काही वर्षांत ते तेल नुसते तेल राहिले नाही. थंड इंजिनात, लहान लहान फेऱ्यांत, न जळलेले पेट्रोल कड्यांच्या बाजूने खाली उतरते आणि तेलात मिसळते. रबर पेट्रोल शोषून फुगते, मऊ होते आणि त्याचे कण सुटतात. ते कण तेलाच्या पंपाच्या गाळणीवर जाऊन बसतात, तेलाचा दाब पडतो आणि मग पट्टा तुटण्याआधीच इंजिनाचे नुकसान होऊ शकते. काही गाड्यांत ब्रेकला मदत करणाऱ्या निर्वात पंपालाही याची झळ बसली आणि ब्रेकचे पेडल कडक झाले. गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि पट्टा बदलण्याची मुदत कमी करावी लागली. २०२४ मध्ये कंपनीने युरोपात हमी दहा वर्षे किंवा १,७५,००० किलोमीटरपर्यंत वाढवली. इंजिनाच्या नव्या आवृत्तीत साखळी आली. मेकॅनिक मंडळींनी यावर केलेली युक्ती आम्हांला फार आवडते. तेल ओतण्याच्या भोकातून एक खाचेची पट्टी आत घालायची. पट्टा खाचेत बसला तर ठीक, बसला नाही तर तो फुगला आहे. इंजिन न उघडता निदान!

पुरस्कार देणारे नवे इंजिन पाहतात, पण रबर फुगायला वर्षे लागतात. प्रयोगशाळेत ती वर्षे लवकर उरकण्यासाठी तापमान वाढवून त्वरित चाचण्या घेतात. मात्र बाजारापर्यंतची दोन किलोमीटरची फेरी हजार वेळा मारण्याची कल्पना चाचणी घेणाऱ्याला सुचली पाहिजे.

आता दुसरा प्रश्न, दुरुस्तीचा. यासाठी उपलब्धता ही राशी वापरतात. दोन बिघाडांमधील सरासरी काळ भागिले तो काळ अधिक दुरुस्तीचा सरासरी काळ. दोन काल्पनिक गाड्या घेऊ. पहिली ६०० दिवसांतून एकदा बिघडते, पण सुटा भाग परदेशातून येईतो २० दिवस उभी राहते. दुसरी दर ६० दिवसांनी बिघडते आणि अर्ध्या दिवसात दुरुस्त होते. पहिलीची उपलब्धता ६०० भागिले ६२०, म्हणजे ९६.८ टक्के. दुसरीची ६० भागिले ६०.५, म्हणजे ९९.२ टक्के. दहापट जास्त वेळा बिघडणारी गाडी जास्त दिवस हाताशी आहे!

मुंबईकरांना ही दुसरी गाडी कुठेतरी पाहिल्यासारखी वाटेल. १९६४ पासून कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात फियाट ११०० डिलाइट ही मूळची इटालियन गाडी बनू लागली. पुढे तिचे नाव प्रीमियर पद्मिनी झाले आणि ती काळीपिवळी टॅक्सी म्हणून शहरभर पसरली. ती तापायची, कार्ब्युरेटरमध्ये कचरा अडकायचा. पण टॅक्सीवाला बॉनेट उघडून जेट फुंकून साफ करायचा आणि दहा मिनिटांत निघायचा. सुटे भाग शहरात जागोजाग मिळत आणि ती उघडायला न येणारा मेकॅनिक सापडणे कठीण. ऑक्टोबर २०२३ अखेर वयोमर्यादेच्या नियमाने शेवटची पद्मिनी टॅक्सी सेवेतून गेली. टॅक्सीवाल्याला तिची उपलब्धता पुरेशी होती. रात्री घाटातून रुग्णाला घेऊन जाणाऱ्याला मात्र दर साठ दिवसांनी येणारा बिघाड परवडणार नाही. एकच राशी सर्वांना पुरत नाही ती अशी.

आजच्या गाडीत जेट फुंकता येत नाही. बिघाड संगणकाच्या संकेतांत दडलेला असतो आणि ते वाचायला उपकरण व माहिती लागते. ती कंपनीने फक्त अधिकृत केंद्रांनाच दिली तर दुरुस्तीचा काळ आणि खर्च दोन्ही तिच्या हातात जातात. म्हणून युरोपीय संघाने २००७ च्या नियमाने स्वतंत्र गॅरेजांनाही दुरुस्तीची माहिती उपलब्ध करून देण्याचे बंधन उत्पादकांवर घातले. भारतात २०१४ च्या ऑगस्टमध्ये स्पर्धा आयोगाने सुटे भाग व माहिती खुल्या बाजारात न दिल्याबद्दल चौदा मोटार उत्पादकांना दंड ठोठावला. त्यांत काही युरोपीय होते, काही जपानी आणि आपल्याकडचेही.

वर्गात हा विषय घ्यायचा तर मोटार लागत नाही. विद्यार्थ्यांच्या सायकलींची एका सत्राची नोंद ठेवावी: कोणत्या तारखेला काय बिघडले, कोणत्या तारखेला सायकल पुन्हा चालू झाली, साधारण रोज किती अंतर. पंक्चर, चेन, ब्रेक असे वेगळे रकाने करावेत. सत्राच्या शेवटी प्रत्येक गटाने आपल्या सायकलींची उपलब्धता काढावी. गावात पंक्चरचे दुकान असलेले आणि नसलेले विद्यार्थी वेगळे मांडले तर आकडे बघण्यासारखे होतील. रबर फुगण्याचा प्रयोगही सोपा आहे, पण तो शिक्षकांनी स्वतः, जवळपास ज्योत नसताना करावा. साध्या रबरबँडचे दोन सारखे तुकडे मोजून घ्यावेत. एक गोड्या तेलात आणि एक रॉकेलमध्ये, झाकण लावलेल्या काचेच्या बाटल्यांत ठेवावा. दुसऱ्या दिवशी दोन्ही पुसून पुन्हा मोजावेत आणि हलकेच ताणून पाहावेत.