तीन मिनिटांची मैफल

माळ्यावरचा ग्रामोफोन भंगारात गेला, लाखेच्या तबकड्या फुटल्या. आजोबांनी जिवापाड जपलेले ते सूर आता कायमचे हरपले, असे तुम्हाला वाटते का? मग ही आनंदाची बातमी! त्यातले कितीतरी सूर आज घरबसल्या, एक पैसाही न देता ऐकता येतात.

१९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. तासभर फुलणारा राग तेवढ्यात बसवायचा! गाणे संपताच त्या इंग्रजीत स्वतःचे नाव सांगत. मिरजेत स्थायिक झालेले उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ साली निवर्तले. त्यांचा आवाजही असाच टिकून आहे.

‘आर्काइव्ह ऑफ इंडियन म्युझिक’ आणि ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या संकेतस्थळांवर असा खजिना सापडतो. भारतात ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे असतो. त्यानंतर ते मुद्रण खुले होते. गीत आणि चालीचे हक्क मात्र वेगळे असू शकतात.

सुरुवातीला खरखर ऐकू येईल. कंटाळू नका. दुसऱ्यांदा ऐकताना कान खरखर विसरतात आणि गळा ओळखतात.

आणि हो, ऐकताना घरातल्या आजीला शेजारी बसवा. हे पद तिने कुठे ऐकले, तेव्हा सोबत कोण होते, हे कुठल्याच तबकडीवर नोंदलेले नाही. सूर जपले गेले. तिच्या आठवणी वहीत उतरवून घेणे आपल्याच हाती आहे.